दोनशे बारा पानं आणि एक रिकामा खण

१

लॅपटॉप सुरू झाला, आणि त्यामुळेच कळलं की चोरी झाली आहे.

दोन दिवस तो टायपिंगबाईंच्या टेबलावर ढिम्म पडून होता. जाडजूड, करडा, सोळा वर्षांपूर्वीचा. चार्जरचा दिवा लागायचा, पण बटण दाबलं की हूं नाही की चूं नाही. बाईंनी बॅटरी काढली, बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, आत अडकलेली वीज निघून जाऊ दिली. तरी नाही. शेवटी मेमरीची पट्टी बाहेर काढली, तेव्हा तिचे सोनेरी दात काळवंडलेले दिसले. बाईंनी कंपासपेटीत असतं तसलं मऊ खोडरबर घेतलं, दात हलक्या हाताने पुसले, पट्टी खटकन जागेवर बसवली आणि पुन्हा बटण दाबलं. आतला पंखा खोकला, थांबला आणि मग घूं करत फिरायला लागला.

"आला! आला गं बाई आवाज!" समोरच्या स्टुलावर बसलेल्या ट्रंकमावशींनी टाळीच वाजवली.

मावशी त्र्याहत्तर वर्षांच्या. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, ट्रंक कॉल जोडण्यात गेलेली. गल्लीतल्या मुलांनी कधीतरी ठेवलेलं नाव त्यांना कायमचं चिकटलं होतं. टायपिंगबाईंचंही तसंच. एकेकाळी याच खोलीत तीस टाइपरायटर एका वेळी खडखडायचे आणि बाई हातात छडीऐवजी घड्याळ घेऊन फिरायच्या. आता बाई लॅपटॉप दुरुस्त करायच्या, पण पाटीवर मोठ्या अक्षरांत अजून 'टंकलेखन वर्ग' असंच होतं, आणि लोकांच्या तोंडीही.

काळ्या पडद्यावर पांढरी एक ओळ उमटली. बाईंनी ती दोनदा वाचली.

"काय म्हणतोय?" मावशींनी विचारलं.

"म्हणतोय, हार्ड डिस्क सापडत नाही."

बाईंनी लॅपटॉप बंद केला, पालथा घातला आणि कोपऱ्यातल्या दुसऱ्या झाकणाचे दोन स्क्रू काढले. आत तळहाताएवढा खण होता. लिहिलेलं सगळं ज्या चपट्या डबीत साठतं, ती डबी तिथे असायला हवी होती. खण रिकामा होता. डबी जिथे जोडली जाते त्या बारीक पिनांवर कुणीतरी प्लास्टिकचा मापात कापलेला तुकडा ठेवून वर चिकटपट्टी लावली होती. आणि खणात झाकण खडखडू नये म्हणून खोचलेली एक हिरवट कागदाची घडी होती. बाईंनी ती उचलून चष्म्याच्या डबीत ठेवली.

"म्हणजे माझी पानं?" मावशींचा आवाज एकदम लहान झाला. "दोनशे बारा पानं आहेत त्यात. आमच्या एक्स्चेंजची. चार वर्षं लिहीत होते. रविवारी सगळ्या जमणार आहेत. चाळीस जणी होतो, अकरा उरलोय. मला त्यातलं एक प्रकरण त्यांना वाचून दाखवायचंय. पुढच्या खेपेला किती असू, कोण जाणे."

"डिस्क आपोआप जात नाही, मावशी. कुणीतरी निगुतीनं काढलीय, आणि स्क्रू परत लावून ठेवलेत."

मावशींनी त्या खणात बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाल्या, "मला माहीत आहे कुणी काढली ते. माझ्याच लेकीने."

२

मावशींचं घर पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. खिडकीशी एक जुना काळा टेलिफोन ठेवलेला. त्याची वायर कुठेच जात नव्हती, पण पुसून तो लख्ख ठेवलेला होता.

लेक अठ्ठेचाळीस वर्षांची. दोन महिन्यांपूर्वी बदली होऊन आईकडे राहायला आली होती. दारात टायपिंगबाईंना पाहून तिला आधी आनंद झाला, कारण पंधराव्या वर्षी ती त्यांच्याकडे टायपिंग शिकली होती. मग आईचा चेहरा दिसला.

"तू कपाट आवरलंस," मावशी म्हणाल्या. "तू म्हणालीस, आई, हे भंगार देऊन टाकू का?"

"विचारलं. तू तीन दिवस बोलली नाहीस माझ्याशी. मग मी तो साड्यांच्या खाली होता तसा ठेवून दिला. उघडला नाही. मला मिक्सरचा प्लग बदलता येत नाही, आई."

"पण तुला ते पुस्तक नको होतं."

"नकोच होतं!" लेकीचा आवाज चढला. "बाबा गेल्यावर तू मनाने त्या एक्स्चेंजमध्येच राहायला गेलीस. मी फोन केला की आधी म्हणायचीस, बोला, कोणता नंबर? मला कसं वाटायचं माहितेय? पण म्हणून तुझं लिहिलेलं चोरीन मी?"

टायपिंगबाईंनी दोघींच्या मध्ये टेबलावर तो हिरवा कागद उलगडून ठेवला. दुकानात त्यांनी तो भिंगाखाली पाहिला होता. दवाखान्यात भेटायला जाणाऱ्यांना देतात तसला पास. शिक्का पुसट झाला होता, पण पेनाने लिहिलेला खाटेचा आकडा ठळक होता.

"हा त्या रिकाम्या खणात होता," बाई म्हणाल्या. "ज्याने डिस्क काढली त्याने खोचलेला. ओळखता येतंय का काही?"

मावशींनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग आकड्यावर बोट ठेवलं.

"तेवीस. त्यांची खाट."

अकरा वर्षांपूर्वी मावशींचे यजमान नऊ दिवस दवाखान्यात होते. घरी परत आले नाहीत. त्यानंतर मावशींनी लॅपटॉप कपाटात ठेवला तो आता एक्स्चेंजवाल्यांचं बोलावणं आलं तेव्हाच बाहेर काढला.

"म्हणजे डिस्क त्याच नऊ दिवसांत गेली," बाई म्हणाल्या. "असा पास कुणी वर्षानुवर्षं जवळ बाळगत नाही. पर्समध्ये होता तो वापरला. त्या वेळी तुमची लेक कुठे होती?"

मावशींनी मान खाली घातली. लेकीला तेव्हा सातवा महिना होता, पोटातल्या धाकट्याच्या वेळी डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून हलूसुद्धा दिलं नव्हतं. ती दुसऱ्या गावाहून पोहोचली ती थेट शेवटच्या दिवशी.

"चुकले गं," मावशी म्हणाल्या.  लेकीने आईच्या खांद्यावरचा पदर सारखा केला आणि चहा ठेवायला आत गेली.

"घराची किल्ली कुणाकडे होती तेव्हा?" बाईंनी विचारलं.

"मी तर तिथेच, खाटेशी. किल्ली दोघांकडे होती. एक धाकटा दीर." मावशी थांबल्या. "आणि दुसरी, सात."

"सात कोण?"

३

एक्स्चेंजमध्ये नावं कुणी घेत नसे. मोठ्या हॉलमध्ये ओळीने बोर्ड, प्रत्येकीसमोर शेकडो भोकं, दोऱ्यांना लावलेल्या खुंट्या, कानाला हेडफोन. एका कॉलला तीन मिनिटं, ती संपली की मधे बोलून तसं सांगायचं आणि लाइन तोडायची. ज्या नंबरच्या बोर्डावर बसायचं तेच आपलं नाव. मावशी आठ नंबरच्या. त्यांच्या डावीकडे कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ, अठरा वर्षं, सात बसायची. हॉल बंद झाला, यंत्रं आली, सगळ्या पांगल्या, तरी त्या दोघी एकमेकींना आठ आणि सातच म्हणत राहिल्या.

"आमचे हे आजारी पडले तेव्हा ती बोलावल्याशिवाय आली," मावशी सांगत होत्या. "नऊ दिवस घर सांभाळलं, डबे आणले. मीच तिला म्हटलं, दुपारी वेळ जात नसेल तर माझं लिहिलेलं वाच आणि चुका काढून ठेव. ती नाही घेणार, बाई. तू दिराला विचार. तो त्या पुस्तकावर भडकला होता."

धाकट्या दिराचं विजेच्या सामानाचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. सत्तरीला आलेला, पोट सुटलेला, हसरा माणूस. त्याच्या डोक्यावरच्या भिंतीत एक बोर्ड अर्धा उघडा होता आणि आतून लाल-काळ्या वायरी जिभेसारख्या बाहेर लोंबत होत्या.

"वहिनी, सरळ चोर म्हणा ना," तो म्हणाला. "हो, भांडलो होतो मी. आईबद्दल लिहिलं होतं तुम्ही. सून ड्युटीवर गेली की सासू दाराला आतून कडी लावायची, ती परत आली तरी उघडायची नाही. खरं होतं ते. मीच गुपचूप कडी काढायचो. पण चार लोकांनी ते वाचावं? मी तोंडावर सांगितलं, ते पान काढा."

"आणि काढलं नाही म्हणून?" टायपिंगबाईंनी विचारलं.

"म्हणून मी पुढचं वाचलं. पुढे होतं की वहिनींनी एकदा आईला एक्स्चेंजमध्ये नेऊन तिच्या भावाचा आवाज ऐकवला. बारा वर्षांनी. आई त्या हेडफोनला धरून रडली. मला हे माहीतच नव्हतं." त्याने हातातला पाना उगाच इकडून तिकडे ठेवला. "मग काय बोलणार? गप्प बसलो."

बाईंनी वर बोट दाखवलं. "ते असं उघडंच ठेवता?"

"चालतंय हो. तिथे कोण हात घालतंय?"

"बरं, दवाखान्याचा पास तुमच्याकडे असायचा?"

"रात्रीचा. पांढरा. मी रात्री झोपायला असायचो तिथे. दुपारचा हिरवा पास डबा नेणाऱ्याकडे असायचा."

"डबा कोण न्यायचं?"

दिराने वहिनींकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. उत्तर दोघींनाही आधीच ठाऊक होतं.

४

दुकानात परतल्यावर टायपिंगबाईंनी तो पास पुन्हा काढला. उलगडलेल्या कागदावर जुन्या घड्यांच्या रेघा स्पष्ट होत्या. त्यांनी त्याच रेघांवरून कागद सावकाश परत दुमडला. आधी तीन पदरी पट्टी झाली, मग वरचा कोपरा तिरका होऊन आतल्या पदरात जाऊन बसला. छोटं, घट्ट पुडकं तयार झालं. टेबलावर टाकलं तरी उलगडेना.

"आणखी कुणी अशी घडी घालतं?" त्यांनी विचारलं.

मावशींनी ते पुडकं तळहातावर घेतलं.

"कुणी नाही. प्रत्येक कॉलचं एक तिकीट असायचं. कागदाची चिठ्ठी. कुणी बोलावलं, कुठे लावायचा, किती वाजता. कॉल जोडायचा बाकी असेल तोवर तिकीट सपाट, चिमट्यात. काम संपलं की दुमडून पेटीत. आम्ही सगळ्या ते दोनदा दुमडायचो नि टाकायचो. सात एकटी कोपरा आत खोचायची. आम्ही हसायचो तिला, म्हणायचो, तू काय पत्रं पाठवतेस का?"

"हॉल बंद झाल्यावर तुम्ही चौकशीच्या खिडकीत बसलात. त्या कुठे गेल्या?"

"ती हुशार. यंत्रांच्या खोलीत गेली. कप्प्यातून प्लेटी काढायच्या, घालायच्या. एक प्लेट काढली की रिकामी जागा झाकल्याशिवाय पाणी प्यायला उठायची नाही. धूळ जाते म्हणायची."

पिनांवरचा तो मापात कापलेला तुकडा दोघींच्या समोरच होता.

"झालं तर मग," बाई हळूच म्हणाल्या. "तुमच्या दिराने हे केलं असतं तर त्या पिना उघड्या राहिल्या असत्या. भिंतीतल्या वायरी पाहिल्यात ना. पास सातचा, घडी सातची, झाकायची सवय सातची. एवढंच सांगा, त्या पुस्तकात त्यांच्याबद्दल काही वाईट होतं?"

"वाईट?" मावशी उठून उभ्या राहिल्या. "चौदावं प्रकरण सगळं तिच्यासाठी आहे. तेच वाचायचंय मला रविवारी. अख्ख्या जगात कुणाला ते पुस्तक हवं असेल तर ते सातला, बाई. मी त्यात तिची माफी मागितलीय."

 इतक्या वर्षांत टायपिंगबाईंकडे लोक पुसून टाकलेली पत्रं, लपवलेले फोटो, काय काय शोधायला आले होते. पण स्वतःची मागितलेली माफी चोरणारं माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

५

मावशींनी सांगितलं ते असं.

लेक तीन महिन्यांची होती. रात्ररात्र झोप नाही, दिवसा ड्युटी. एका दुपारी बाराच्या आसपास एका म्हाताऱ्या मास्तरांनी अर्जंट कॉल मागितला. त्यांचा मुलगा त्या दिवशी तीन वर्षांसाठी बोटीवर नोकरीला निघाला होता. बंदराच्या कचेरीत बारा ते एक तो फोनपाशी थांबणार होता. मागणी आठने घेतली, तिकीट लिहिलं. बंदराची लाइन सातच्या बोर्डावर होती, म्हणून तिकीट सातला द्यायचं.

कॉल जोडलाच गेला नाही. बोट सुटली. मुलगा परत आला तेव्हा मास्तर नव्हते.

"दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी हेडफोनची पेटी उघडली," मावशी म्हणाल्या, "तर आत तेच तिकीट. मी ते तिला दिलंच नव्हतं. झोपेच्या तारेत पेटीत टाकून विसरले होते. मी थंडगार पडले. आणि तासाभरात चौकशीला सगळ्यांसमोर सात उभी राहून म्हणाली, तिकीट माझ्याकडे आलं होतं, चूक माझी. तिला माहीत होतं, माझ्या पदरात तान्ही पोर आहे. माझ्यासाठी खोटं बोलली ती. तिला तीन महिने घरी बसवलं, बढती गेली. आणि मी तोंड उघडलं नाही. अठ्ठेचाळीस वर्षं."

"ते तिकीट कुठेय?"

"आहे. पाकिटात घालून ठेवलं त्याच दिवशी. पुन्हा बघायचा धीर झाला नाही."

"तुम्ही ते सातला दिल्याचं तुम्हाला अजिबात आठवत नाही?"

"आठवतं असं वाटायचं. तिच्या चिमट्यात लावल्यासारखं. पण मग माझ्या पेटीत कसं आलं असतं? मन आपल्याला हवं ते आठवतं, बाई."

पाकीट लोखंडी पेटीच्या तळाशी, लेकीच्या बाळंतविड्यातल्या टोपड्याखाली होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी ते घेऊन आल्या. टायपिंगबाईंनी आतला पिवळा पडलेला कागद चिमट्याने काढून दिव्याखाली धरला. मास्तरांचं नाव, बंदराचा नंबर, 'अर्जंट', बारा वाजून पाच. अक्षर मावशींचं. बाईंनी कागद किंचित तिरका केला आणि भिंग जवळ ओढलं.

"मावशी, पेटीत सापडलं तेव्हा हे तिकीट सपाट होतं की दुमडलेलं?"

"असेल दुमडलेलं. मी घाबरून उघडलं, नाव वाचलं नि पाकिटात सारलं. का?"

"इकडे या. या रेघा बघा."

तीन पदर. आणि वरच्या कोपऱ्यातून आत गेलेली एक तिरकी रेघ.

मावशी कागदावर वाकल्या. दुकानाबाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. काचेच्या कपाटातले दोन टाइपरायटर, उघडा लॅपटॉप, आणि त्या कागदावरची केसाएवढी रेघ.

"तुम्ही ते विसरला असता, तर ही घडी त्यावर पडली नसती," बाई म्हणाल्या. "तिकीट सातच्या हातात गेलं होतं. तुम्ही दिलं होतंत. त्यांनीच दुमडून ते तुमच्या पेटीत टाकलं. चौकशीला त्या खोटं बोलल्या नाहीत, मावशी. त्यांनी खरंच सांगितलं होतं, आणि तुम्ही ते खोटं समजून त्यांचे उपकार मानत राहिलात. अकरा वर्षांपूर्वी त्या बिचारीने चौदावं प्रकरण वाचलं, तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की तिकीट तुम्हाला सापडलं होतं आणि तुम्ही दोष स्वतःकडे घेतला होता."

६

सात शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटीच राहायची. बारीक, ताठ, पांढऱ्या केसांची. लग्न केलं नव्हतं. दार उघडून तिने दोघींना पाहिलं, मावशींच्या हातातलं पाकीट पाहिलं, आणि बाजूला झाली.

"रविवारचं बोलावणं आलं तेव्हाच मला वाटलं, आता आठ लॅपटॉप उघडणार," ती म्हणाली. तिचा आवाज अजून स्वच्छ होता, शब्द न् शब्द सुटा. "रोज ठरवत होते आपणच जावं. गेले नाही."

तिने कपाटातून एक डबा आणला. आत रुईच्या कापसात, चंदेरी पिशवीत गुंडाळलेली डिस्क होती, वर चिठ्ठी चिकटवून तारीख लिहिलेली, यंत्रांच्या खोलीत लिहायच्या तशी.

"का गं?" मावशींनी एवढंच विचारलं.

सात खुर्चीच्या कडेवर बसली.

"बंदराच्या एक्स्चेंजमध्ये एक जण होता. त्याचं नाव माहीत होतं, चेहरा कधी पाहिला नाही. दुपारी बारानंतर काम कमी असायचं. बारा दहाला तो लाइनवर यायचा. पाच मिनिटं, दहा मिनिटं. त्या दिवशी तो म्हणाला, पुढच्या महिन्यात रजा टाकून येतो, घरच्यांना भेटतो. मला काही भानच राहिलं नाही. समोर चिमट्यात तुझं तिकीट दिसत होतं. लाइन एकच. मी म्हणत होते, हे एवढं बोलून होऊ दे. मान वर केली तर एक वाजून गेला होता."

"आणि माझ्या पेटीत?"

"तू उठून खाली पाळणाघरात पोरीला दूध पाजायला गेली होतीस. माझ्या हातांनी सवयीने घडी घातली आणि तुझी पेटी शेजारी होती." तिने डोळे मिटले. "रात्री झोपले नाही. सकाळी लवकर येऊन काढून घेणार होते, तर तू आधीच आली होतीस. पेटी रिकामी होती. मला वाटलं, झाडताना पडलं असेल. मग चौकशीत खरं सांगून टाकलं. पेटीचं तेवढं सांगितलं नाही. मला वाटलं होतं, ते कुणाला कधी कळायचं कारणच नाही."

मावशींनी पाकीट टेबलावर ठेवलं.

"अठ्ठेचाळीस वर्षं, सात," मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजाला धार होती. टायपिंगबाईंनी त्यांना असं कधी ऐकलं नव्हतं. "लेकीला पहिल्यांदा शाळेत सोडलं तेव्हा मनात आलं, सातने हिच्यासाठी केलं. हे गेले, तू माझ्या घरात भात शिजवत होतीस, आणि मी खाटेशी बसून विचार करत होते की या बाईचे उपकार मी कधी फेडणार. तू ते प्रकरण वाचलंस आणि डिस्क काढून घेतलीस. मला एक शब्द बोलली नाहीस."

"तू माझी माफी मागतेस हे चार लोकांनी वाचावं, हे मला सोसवलं नसतं. पण कसं बोलणार होते? तुझा नवरा चालला होता. तेव्हा सांगू? मग तेराव्यानंतर सांगू म्हटलं. मग वर्षश्राद्ध झालं. मग तू कधी लॅपटॉपचं नावच काढलं नाहीस, आणि मला ते बरं वाटलं. तेच सगळ्यात वाईट, की बरं वाटलं."

मावशी उठल्या, खिडकीपाशी गेल्या.  मग न वळताच म्हणाल्या, "तिकीट माझ्या हातात होतं. मला वाटत होतं, माझी चूक आहे, आणि मी तुला शिक्षा होऊ दिली. हे तर खरं ना?"

"तुझ्या पदरात पोर होतं."

"असू दे. खरं ना?"

"खरं," सात म्हणाली.

"मग ये रविवारी. दोघी मिळून सांगू."

७

टायपिंगबाईंनी डिस्क थेट लॅपटॉपमध्ये घातली नाही. अकरा वर्षं न फिरलेल्या डिस्कवर भरवसा ठेवायचा नसतो. आधी तिची पूर्ण नक्कल करून घेतली. पाच तास लागले, मधे दोनदा टकटक आवाज आला आणि मावशींनी दोन्ही वेळा बाईंचं मनगट घट्ट धरलं. दोनशे बारा पानं सलामत निघाली. मग ती नक्कल त्या रिकाम्या खणात बसवली, दोन स्क्रू आवळले, आणि शनिवारी दुपारी जुना लॅपटॉप आपल्या जुन्या निळ्या पडद्यासकट उघडला.

रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत अकरा खुर्च्या गोल मांडल्या होत्या. टायपिंगबाई दाराशी उभ्या होत्या, लॅपटॉप मधेच रुसला तर असावं म्हणून. लेक आईशेजारी स्टुलावर बसली होती.

आठने चौदावं प्रकरण वाचलं. संपल्यावर सात उभी राहिली आणि उरलेलं तिने सांगितलं, मास्तरांपासून डिस्कपर्यंत, काही न गाळता. "त्या म्हाताऱ्याचा आवाज मी ऐकलाच नाही," ती म्हणाली, "तरी तो माझ्या कानात असतो." ती खाली बसली.  ऐकायला कमी येणाऱ्या दोघींच्या कानात शेजारणी हळूहळू सांगत होत्या तेवढाच आवाज.

मग पलीकडून, नव्वदीला टेकलेल्या पर्यवेक्षक बाईंनी काठी जमिनीवर टेकवली.

"तिकिटाचं आम्हाला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "ते वाईट झालं. पण त्या बंदरवाल्याचं सगळ्यांना माहीत होतं."

सातने मान वर केली.

"अगं, आम्ही ऐकायचो," बारा नंबरची म्हणाली. "बारा दहा झाले की तुझ्या लाइनला आपापली खुंटी लावायची. तो तुला गाणी म्हणून दाखवायचा ना? आवाज बरा नव्हता त्याचा, पण सूर खरा होता."

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्याच. आठ हसत होती, डोळे पुसत होती. सात लाजेने लाल झाली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिच्या गालांवर तो रंग भलताच शोभत होता.

"तीन महिन्यांनी मी परत आले तेव्हा त्याची बदली झाली होती," हसू ओसरल्यावर ती म्हणाली. "मला वाटलं, त्याच्या कानावर गेलं असेल. शिक्षा झालेली बाई नको वाटली असेल त्याला."

पर्यवेक्षक बाई आणि बारा नंबरची, दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"त्याला कुणी काही सांगितलंच नाही," बारा म्हणाली. "तुझ्या जागी मला बसवलं होतं. तो रोज यायचा लाइनवर. बारा दहाला. विचारायचा, सात कुठे आहे?"

"रोज?"

"महिनाभर रोज. मग एकदा म्हणाला, आता मला लांब पाठवतायत, तिला माझा निरोप तरी द्या. पण ऑपरेटरची माहिती बाहेर द्यायची नाही, खाजगी निरोप घ्यायचा नाही, असा नियम होता. आणि चौकशी ताजी होती, बाई माझ्या मागेच उभ्या असायच्या."

"मीच उभी असायचे," पर्यवेक्षक बाई म्हणाल्या. "नियमच तसा होता."

सात पुढे वाकली होती. तिने दोन्ही हातांनी आठचा हात धरला होता, आणि आठने तो धरू दिला होता.

"मग तू काय म्हणालीस त्याला?"

बाराने पदराने ओठ पुसले. आणि मग तिच्या म्हाताऱ्या गळ्यातून तो पूर्वीचा, सरळ, गोड, कुणाचाच नसलेला आवाज निघाला.

"म्हटलं, माफ करा, तीन मिनिटं झाली."